मुडदूस आणि ऊन

सतराव्या शतकात लंडन शहरात दर आठवड्याला मृतांची यादी प्रसिद्ध होत असे. किती माणसे प्लेगने गेली, किती देवीने, किती तापाने, याचा हिशेब त्या कागदावर मांडलेला असे. या यादीत १६३४ साली एक नवे नाव दाखल झाले. ते नाव 'रिकेट्स'. मराठीत ज्याला मुडदूस म्हणतात, तोच हा रोग. पुढे १६४५ साली डॅनियल व्हिसलर या इंग्रज विद्यार्थ्याने लायडन विद्यापीठात या रोगावर प्रबंध सादर केला आणि १६५० साली फ्रान्सिस ग्लिसन या वैद्याने त्याच्यावर मोठा लॅटिन ग्रंथ लिहिला. मूल वेळेवर उभे राहत नाही, त्याची टाळू लवकर भरत नाही, मनगटे आणि घोटे जाड होतात, फासळ्यांच्या टोकांवर मण्यांसारख्या गाठी येतात आणि ते चालू लागले म्हणजे शरीराच्या भाराने पाय धनुष्यासारखे वाकतात, ही लक्षणे ग्लिसनच्या काळापासून वैद्यांना नीट ठाऊक होती. हा रोग कशामुळे होतो, हे मात्र आणखी पावणेतीनशे वर्षे कोणासही निश्चित सांगता आले नाही. कारण सापडले तेव्हा ते इतके साधे निघाले की, ते इतकी वर्षे नजरेतून निसटले कसे, याचेच नवल वाटावे.

हाडाची घडण दोन गोष्टींनी होते. आधी मऊ, चिवट असा एक सांगाडा तयार होतो आणि मग त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि फॉस्फरस यांचे क्षार भरून तो कठीण होतो. अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात पुरेसे शोषले जावयाचे, तर शरीरात 'ड' जीवनसत्त्व असावे लागते. ते नसेल तर सांगाडा उभा राहतो; परंतु तो भरत नाही. लहान मुलाच्या वाढत्या हाडांत ही अवस्था आली म्हणजे तिला मुडदूस म्हणावयाचे आणि वाढ संपलेल्या माणसात आली म्हणजे अस्थिमृदुता. अस्थिमृदुतेत कंबर आणि मांड्या ठणकत राहतात, जिना चढताना आणि बसल्या जागेवरून उठताना स्नायू साथ देत नाहीत, आणि साध्या धक्क्यानेही हाडाला चीर जाते.

या रोगाचा सर्वांत क्रूर घाव मात्र स्त्रीवर पडे. मुडदुसाने किंवा अस्थिमृदुतेने कमरेच्या हाडांचा घेर आत दबला गेला म्हणजे प्रसूतीची वाट अरुंद होते. बालपणी वाकलेल्या हाडांचा हिशेब वीस वर्षांनी बाळंतपणाच्या वेळी चुकता होई, आणि तो पुष्कळदा आई व मूल या दोघांच्या प्राणांनी. १८८८ साली ग्लासगो येथील प्रसूतिगृहात मर्डॉक कॅमेरॉन या शल्यचिकित्सकाने मुडदुसाने खुज्या राहिलेल्या एका स्त्रीचे पोट चिरून तिची सुटका केली. आई आणि मूल दोघेही वाचले, आणि त्या मुलाचे नाव सीझर कॅमेरॉन असे ठेवण्यात आले. त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती. परंतु ती ग्लासगो शहरातच घडावी, यात योगायोग फारसा नव्हता. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या त्या गिरणगावात वाकड्या पायांची मुले गल्लोगल्ली दिसत आणि त्यांतल्याच मुली पुढे प्रसूतिगृहात येत.

रोग आणि शहर यांचा हा संबंध लोकांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. विल्नो शहरातील वैद्य येंद्झेय स्न्यादेत्स्की यांनी १८२२ सालीच असे लिहून ठेवले होते की, शहरातील मुलांना हा रोग ग्रासतो, खेड्यातील मुलांना तितका ग्रासत नाही. म्हणून मुलांना उघड्यावर उन्हात नेणे हाच त्यावर उत्तम उपाय होय. १८८९ साली ब्रिटिश वैद्यक संघटनेच्या वतीने आयझंबार्ड ओवेन यांनी इंग्लंड-स्कॉटलंडचे नकाशे तयार केले. ज्या ज्या ठिकाणी कारखाने आणि दाट वस्ती होती, त्या त्या ठिकाणी मुडदूस असल्याचे त्यांत स्पष्ट दिसले. पण नकाशा कोठे ते सांगतो, का ते सांगत नाही. कोणी कोंदट हवेला दोष दिला, कोणी निकृष्ट अन्नाला, कोणी आनुवंशिकतेला, तर कोणी रोगजंतूंना.

या गोंधळात एका माणसाने अचूक बोट ठेवले. थिओबाल्ड पाम हे वैद्यक शिकलेले धर्मप्रचारक जपानात निइगाता येथे कित्येक वर्षे राहिले होते. तेथे त्यांना मुडदूस जवळजवळ दिसलाच नाही. मायदेशी परतल्यावर मात्र वाकड्या पायांची मुले त्यांना पदोपदी दिसू लागली. पाम यांनी चीन, हिंदुस्थान आणि इतर देशांत काम करणाऱ्या वैद्यांकडून माहिती मिळवून ताडून पाहिली. उत्तरे एकाच दिशेने बोट दाखवीत होती. ज्या देशांत लोक दरिद्री होते, अन्न कदान्न होते आणि घरे अस्वच्छ होती, पण आकाश निरभ्र होते, तेथे हा रोग विरळा होता. १८९० साली लिहिलेल्या निबंधात पाम यांनी निष्कर्ष मांडला की, मुडदुसाचे मुख्य कारण सूर्यप्रकाशाचा अभाव हे आहे. शहरांवर पडणाऱ्या उन्हाची मोजदाद व्हावी, मुलांना पद्धतशीर सूर्यस्नान घालावे आणि उन्हाचे महत्त्व लोकांना पटवून द्यावे, अशा सूचनाही त्यांनी केल्या. त्या निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जंतूंच्या शोधाने तेव्हा वैद्यकविश्व भारावले होते. रोग म्हणजे शरीरात काहीतरी शिरणे, अशी समजूत दृढ झाली होती. काहीतरी न मिळाल्यानेही रोग होतो, हा विचार अद्याप रुजावयाचा होता.

दुसरीकडे, उत्तर युरोपच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या घरात एक औषध पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. ते म्हणजे कॉड माशाच्या यकृताचे उग्र वासाचे तेल. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदुसाने मरत असत. त्यांना घोड्याचे चरबीविरहित मांस दिले जाई. १८८९ साली जॉन ब्लँड-सटन या शल्यचिकित्सकाने त्यांच्या आहारात दूध, कुटलेली हाडे आणि कॉडचे तेल घालण्यास सांगितले, आणि छावे सुधारले. म्हणजे एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला तेल, असे दोन उपाय हाती होते. त्या दोहोंत काही नाते असेल, ही कल्पनाही कोणाला शिवली नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हा वाद ऐन रंगात आला. ग्लासगो येथे लेनर्ड फिंडले यांनी १९०८ साली कुत्र्याच्या पिलांना कोंडून ठेवून प्रयोग केले होते. त्यांचे म्हणणे असे की, कोंडलेपण आणि व्यायामाचा अभाव हेच मूळ. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी पिलांना ओटची लापशी खाऊ घातली, त्यांना घरातच ठेवले आणि मुडदूस घडवून आणला. मग कॉडचे तेल देऊन तो टाळताही येतो, हे दाखविले. १९१९ साली त्यांनी जाहीर केले की, हा रोग अन्नातील एका अज्ञात घटकाच्या उणिवेने होतो. नेमक्या त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या चार मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश सोडला. या प्रकाशात जांभळ्या रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण असतात. काही आठवड्यांनी घेतलेल्या क्ष-किरणांच्या चित्रांत हाडे भरून आलेली दिसली. त्यांनी एका मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले असता दुसरा हातही बरा झाला. किरणांमुळे त्वचेत काहीतरी निर्माण होते आणि ते रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचते, असाच याचा अर्थ होता.

आता अन्नवादी आणि प्रकाशवादी असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. या वादात एक महत्त्वाची साक्ष आली ती मुंबई इलाख्यातून. हॅरी हचिसन आणि एस. जे. शाह यांनी या भागातील मुडदूस व अस्थिमृदुता यांची पाहणी करून १९२२ साली ती प्रसिद्ध केली. केवळ अन्नाला कारण मानणाऱ्यांना ती अडचणीची होती. सकस अन्न ज्यांना परवडत होते, अशा सुखवस्तू मुसलमान आणि वरिष्ठ वर्गातील हिंदू कुटुंबांत, जेथे स्त्रिया गोषात राहत आणि तान्ही मुले अंधाऱ्या खोल्यांत वाढत, तेथे हा रोग होता. ज्यांच्या ताटात दूध-तूप क्वचितच पडे, पण ज्यांची बायकामुले दिवसभर उघड्यावर वावरत, त्या गरिबांत तो आढळत नव्हता. युरोपात गरिबांचा म्हणून ओळखला जाणारा रोग येथे श्रीमंतांच्या माजघरात वस्तीला होता. ग्लासगोमध्ये धुराने जे केले, तेच येथे भिंतींनी आणि पडद्यांनी केले होते.

हा वाद मिटविण्याचे श्रेय मुख्यतः एका स्त्रीकडे जाते. महायुद्धात उपासमारीने पोळलेल्या व्हिएन्ना शहरात १९१९ साली हॅरिएट चिक आपल्या सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांसह गेल्या. तेथील बालरुग्णालयाचे प्रमुख क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा असा समज होता की, मुडदूस हा जंतुजन्य असावा. तरीही त्यांनी या परकीय पाहुण्यांना आपले विभाग मोकळेपणाने उघडून दिले. चिक यांनी तान्ह्या मुलांचे गट पाडले. हिवाळ्यात, ज्यांना नेहमीचा आहार दिला त्यांच्यापैकी अनेकांना मुडदूस झाला; ज्यांना कॉडचे तेल मिळाले, त्यांना तो झाला नाही. उन्हाळ्यात मात्र दोन्ही गटांतील मुले सारखीच निरोगी राहिली. ज्यांना आधीच रोग झाला होता, ती तेलानेही बरी होत आणि ऊन वा दिव्याच्या प्रकाशानेही बरी होत. म्हणजे अन्नवाद्यांचेही खरे होते आणि प्रकाशवाद्यांचेही. एकाच घरात जाण्याचे ते दोन दरवाजे होते.

त्या घरात काय आहे, हे पुढील काही वर्षांत उलगडले. बाल्टिमोर येथे एल्मर मॅकॉलम यांनी कॉडचे तेल तापवून त्यातून हवा सोडली. त्यामुळे त्यातील 'अ' जीवनसत्त्व नष्ट झाले. पण मुडदूस बरा करण्याची शक्ती शिल्लक राहिली. अर्थात हा घटक वेगळाच होता. १९२२ सालच्या या शोधानंतर त्याला 'ड' हे अक्षर मिळाले. न्यूयॉर्क येथे आल्फ्रेड हेस यांनी मुडदूस झालेल्या मुलांना रुग्णालयाच्या गच्चीवर उन्हात ठेवून बरे केले होते. १९२४ साली त्यांनी, आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणे विस्कॉन्सिन येथे हॅरी स्टीनबॉक यांनी असे दाखविले की, जंबुपार किरण पदार्थांवर सोडले म्हणजे त्या पदार्थांतच हे जीवनसत्त्व निर्माण होते. ते कशापासून बनते याच्या संशोधनात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या गटिंगेनच्या आडोल्फ विंडाउस यांना १९२८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातील एक पदार्थ असतो. उन्हातील जंबुपार किरण त्याच्यावर पडले म्हणजे त्याचे 'ड' जीवनसत्त्व होते. ते प्रथम यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात बदलून कामाला येते. यातील मूत्रपिंडाचा वाटा केंब्रिज येथील फ्रेझर आणि कोडिचेक यांनी १९७० साली उघड केला. शरीर जे स्वतः तयार करते आणि रक्तावाटे दूरच्या अवयवांना आज्ञा धाडते, त्याला जीवनसत्त्व म्हणण्यापेक्षा अंतःस्राव म्हणणेच अधिक योग्य.

कारण समजताच उपाय झपाट्याने पसरला. अमेरिकेत १९३० नंतर दुधात 'ड' जीवनसत्त्व मिसळले जाऊ लागले, आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने लहान मुलांसाठी कॉडच्या तेलाची सोय केली. एका पिढीत शहरांतील वाकडे पाय दिसेनासे झाले. परंतु या उत्साहालाही मर्यादा घालावी लागली. इंग्लंडमध्ये दुधाच्या भुकटीत, धान्याच्या पिठांत आणि तेलात हे सत्त्व इतके मिसळले गेले की, १९५० नंतरच्या काही वर्षांत काही तान्ह्या मुलांच्या रक्तात कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढलेले आढळले. १९५७ साली मिसळण्याचे प्रमाण घटविण्यात आले. काही मुलांची शरीरे जन्मतःच या सत्त्वाचा निचरा करू शकत नाहीत, हे त्यामागील एक कारण २०११ साली उमगले. अभाव जसा मारतो, तसा अतिरेकही.

हिंदुस्थानात मात्र हा प्रश्न औषधाच्या बाटलीपुरता नव्हता. काश्मीरमध्ये काम केलेल्या कॅथलीन व्हॉन या स्त्री-डॉक्टरांनी १९२८ साली गोषाची चाल आणि मातृत्व यांवर एक पुस्तक लिहिले. श्रीनगरच्या दाट वस्तीत पडद्याआड राहणाऱ्या स्त्रियांमध्ये त्यांना अस्थिमृदुता आणि जीवघेणी बाळंतपणे वारंवार दिसली. त्याच शहरातील पाण्यावर, होड्यांतून राहणाऱ्या आणि स्वतः वल्ही मारणाऱ्या नावाड्यांच्या बायका सुखरूप बाळंत होत. हवा तीच, देश तोच. फरक होता तो अंगावर पडणाऱ्या उन्हाचा. सूर्य कोणालाही कर मागत नाही. पण तो कोणाच्या अंगणात उतरावा आणि कोणी त्याच्यापुढे यावे, हे माणसांच्या चालीरीती ठरवितात. मुडदुसाचा इतिहास हा म्हणूनच जितका वैद्यकाचा, तितकाच घरांचा आणि रूढींचा इतिहास आहे.

या इतिहासाने पुढे पुन्हा एकदा ग्लासगोची वाट धरली. १९६२ साली डनिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शहरात स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि अस्थिमृदुता आढळल्याचे प्रसिद्ध केले. गोऱ्या मुलांतून जवळजवळ हद्दपार झालेला रोग सावळ्या मुलांत परतला होता. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य प्रखर उन्हात ढालीचे काम करते. पण उत्तरेकडील क्षीण उन्हात तीच ढाल आड येते आणि तितकेच जीवनसत्त्व तयार व्हावयास अधिक वेळ लागतो. त्यात अंगभर वस्त्रे, घरात बसून काढलेले हिवाळे आणि आहारातील उणीव यांची भर पडली. १९८१ साली ब्रिटनमध्ये या वस्त्यांसाठी मुडदूस-निर्मूलनाची खास मोहीम हाती घ्यावी लागली.

पण ज्या देशात वर्षाचे बहुतेक महिने ऊन तापते, तेथे काय? ही शंका भारतीय वैद्यकालाही पुष्कळ काळ समाधान देत राहिली. उन्हाच्या देशात उन्हाची उणीव कशी असेल? २००० साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील रवींद्र गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी दिसणाऱ्या माणसांचे रक्त तपासून या समजुतीला धक्का दिला. उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांची स्थिती त्यांतल्या त्यात बरी होती. रुग्णालयात दिवस काढणारे डॉक्टर व परिचारिका, गर्भवती स्त्रिया आणि त्यांची नवजात बालके यांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व फार कमी होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत दिल्लीच्या धुराने भरलेल्या मोरी गेट भागातील मुलांची तुलना मोकळ्या हवेच्या गुडगावातील मुलांशी केली गेली. धुरकट वस्तीतील बालकांच्या रक्तात हे सत्त्व स्पष्टपणे कमी निघाले. ओवेन यांचा १८८९ सालचा नकाशा जणू यमुनेच्या काठी पुन्हा काढला गेला होता. २०१८ साली भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दूध आणि खाद्यतेल यांत 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वे मिसळण्याचे मानदंड ठरविले, ते या नव्या जाणिवेतूनच.

या जाणिवेबरोबर एक नवी घाईही आली. थकवा आला की गोळी, सांधा दुखला की गोळी, इतकेच काय, कर्करोग आणि हृदयविकार टळावेत म्हणूनही हीच गोळी, असा समज पसरला. अमेरिकेत सुमारे सव्वीस हजार माणसांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ सालापासून प्रसिद्ध होत गेले. ज्यांच्यात मुळात फारशी उणीव नव्हती, अशा निरोगी माणसांत या गोळीने कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे प्रमाण घटले नाही. हाडे मोडण्याचे प्रमाणही कमी झाले नाही. ज्याला उणीव आहे त्याला हे सत्त्व अमृतासारखे आहे. ज्याला ती नाही त्याला ते आणखी ओतून काही विशेष लाभ नाही. लहान मूल, गर्भवती स्त्री, अंथरुणाला खिळलेला वृद्ध आणि दिवसाचे ऊन ज्याच्या वाट्याला येत नाही असा कामकरी, यांची काळजी प्रथम घ्यावयाची, हा या साऱ्या संशोधनाचा व्यावहारिक अर्थ.

उन्हाविषयीही थोडा विवेक हवा. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे, आणि तिच्यामागील वात्सल्य वंदनीय आहे. परंतु हाडांना उपयोगी पडणारे जंबुपार किरण सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरणातच अडतात. खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाहीत, म्हणून काचेच्या इमारतीत उजेड भरपूर असूनही त्वचेला तो निरुपयोगी ठरतो. एक साधी खूण अशी की, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाच हे किरण पुरेसे मिळतात. ते ऊन थोडा वेळ आणि सोसवेल इतपतच घ्यावे. तान्ह्या बालकाच्या बाबतीत तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन आवश्यक तेथे थेंबांच्या रूपाने औषध देणे अधिक सुरक्षित ठरते.

पाम यांनी १८९० साली केलेल्या सूचना आज पुन्हा चाळल्या, तर त्या केवळ वैद्याच्या वाटत नाहीत. शहरावर किती ऊन पडते ते मोजा, मुलांना ते मिळेल असे करा, आणि त्याचे मोल लोकांना सांगा, एवढेच त्यांनी सुचविले होते. यांपैकी रुग्णालयात करण्यासारखे काम थोडे आहे. बाकीचे काम घर बांधणाऱ्याचे आहे, नगरपालिकेचे आहे, शाळेच्या मैदानाचे आहे, आणि सुनेला दुपारी घटकाभर अंगणात बसू देणाऱ्या घराचेही आहे.